नाक्यावरची गजाल

मंडळी, दुसऱ्याच्या घरातली बातमी आपल्याला भारी गोड लागते. कुणकेश्वरच्या महादूलाही लागायची. समुद्रालगत त्याचं घरगुती हॉस्टेल होतं. माळ्यावर दहा खाटा, खाली त्याच्या बायकोचं, सावित्रीचं स्वयंपाकघर. पाठीला सॅक अडकवून फिरणारी मुलंमुली तिथे स्वस्तात उतरायची. प्रत्येकाच्या आधार कार्डाची प्रत महादू वहीत टाचायचा आणि सकाळी चहाला नाक्यावर गेला, की गप्पांच्या ओघात वहीतली नावं तोंडाने वाटत सुटायचा.

"पावण्यांची नावां नाक्यार कित्याक नेतास?" सावित्री करवादायची.

"गजालीच गो त्या. कोणाचा काय जाता?"

त्या सोमवारी बालमित्र विनीतच्या टोळक्यात बसून तो सहज बोलून गेला, "एक जोडपा इला कालच्यान. आडनावां मात्र वेगवेगळी." टोळकं हसलं. महादूही हसला आणि मासळी घेऊन घरी आला.

दुपारी अजय आणि आकांक्षा, तेच ते दोघे, पडवीत जेवत होते. इतक्यात विनीत सहाजणांना घेऊन घरासमोरच्या खळ्यात शिरला. त्याच्या हातात दांडकं होतं. विचारपूस काही नाही. पहिला फटका अजयच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. त्याचा दात तुटून ताटातल्या भातात पडला. एकाने आकांक्षाला केसांना धरून खळ्यात फरफटत नेलं आणि तिच्या पोटात लाथ घातली.

"आडनावां वेगवेगळी आनी हंय रवतत!" विनीत ओरडत होता.

महादू दारात थिजला. हे तर त्याचेच शब्द होते!

सावित्री मात्र हातातली पळी टाकून धावली आणि त्या पोरीवर आडवी पडली. पुढची लाथ तिच्या बरगडीत बसली.

"ती नवराबायको आसत काय? सांग!" विनीतने दांडकं उगारलं.

"माका म्हायत नाय, आनी माका विचारूचाय नाय," सावित्री धापा टाकत म्हणाली. "माज्या हातचा जेवलेलो माणूस माजो."

दांडकं खाली आलं, पण महादूने हात मध्ये घातला होता. त्याच्या मनगटाचं हाड कडकन मोडलं. शेजारीपाजारी धावून आले, तेव्हा कुठे टोळकं पळालं.

दवाखान्यात प्लास्टर घालून घेताना तो विव्हळत म्हणाला, "मिया कोणाक हात लावलंय नाय गो."

"हात विनीतान मोडलो, पण त्या पोरग्याचो दात तुमच्या तोंडान पाडलो," सावित्री म्हणाली. "मारूक काठी लागता तशी बातमीय लागता. काठी त्यांची, बातमी तुमची."

महादूने मान खाली घातली. त्याला स्वतःची शरम वाटली.

संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला आले. बाहेर विनीतचे वडील हात जोडून उभे होते. महादूला म्हणत होते, माज्या झिलाचा नाव घेव नको.

"या दोघांची माहिती हल्लेखोरांना कुणी दिली?" हवालदारांनी विचारलं.

ठाऊक नाही म्हणणं सोपं होतं. पलीकडच्या खाटेवर अजय सुजलेल्या तोंडाने कण्हत होता.

"मी दिली, साहेब. तसंच लिहा," महादू म्हणाला. "आणि मारणाऱ्यांत पहिला विनीत. माझा मित्र आहे तो."

आज ती वही सावित्रीच्या कपाटात कुलपात असते. महादूचं मनगट वाकडंच जुळलं. नाक्यावर कुणी "कोण इलेत रे?" म्हणून विचारलं, तर त्याच वाकड्या हाताने तो चहा उचलतो आणि म्हणतो, "पावणे."

मंडळी, आपल्या छपराखाली पाठ टेकणाऱ्याचं नावगाव ही आपल्याकडची ठेव असते. ती चव्हाट्यावर उधळायची आणि रक्त सांडल्यावर 'मी फक्त बोललो' म्हणत हात झटकायचे, हे माणुसकीत बसत नाही.