लहान होत जाणारी माणसं

"साखरेच्या भांड्यावर झाकण ठेवलंस तर याद राख," थॉमझिनकाकू म्हणाल्या.

मी झाकण हातात धरून उभी. खिडकीच्या चिरेतून निघालेली मुंग्यांची रांग फळीवरून साखरेपर्यंत आली होती, आणि तिथून एक फाटा पास्कोकाकांच्या पलंगाकडे वळला होता. दवाखान्याचा पलंग स्वयंपाकघरातच मांडला होता. काकांना जिना आता झेपत नव्हता. मी गावातली नर्स. त्यांच्या टाचेची जखम धुवायला आठवड्यातून तीनदा यायची.

"काकू, गुरुवारी आमच्या मोठ्या बाई बघायला येणार. जखमेपाशी मुंगी दिसली, तर काकांना शहरातल्या वृद्धाश्रमात हलवतील. मी पावडर आणलीय."

"मारायचं नाही हं, पोरी. आपलीच जुनी माणसं आहेत ती."

आमच्या कॉर्नवॉलमध्ये हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि दिवसाउजेडी कुणी कबूल करत नाही. फार पूर्वीची ती बुटकी माणसं, ना पुण्यवान ना पापी. वर्षागणिक लहान होत जातात, शेवटी मुंगीएवढी होतात, आणि मग दिसेनाशी. माझी आजी आमच्या जुन्या भाषेत त्यांना 'मुर्यन', म्हणजे मुंग्याच, म्हणायची, तेही आवाज खाली आणून.

"चॅपलमध्ये पाद्रीबाबांपाशी बोलू नकोस हो, मी असं म्हटल्याचं," काकू पुटपुटल्या.

मी काकांना वजनकाट्याच्या खुर्चीत बसवलं. तीस वर्षं चिनीमातीच्या खाणीवर पंप सांभाळलेला गडी. इतका उंच, की बागेच्या बुटक्या दारातून तो आत-बाहेर करताना काकूंची हाक ठरलेली, "डोकं सांभाळ!" ती आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. आता पलंगात त्यांच्यापेक्षा उशीच जास्त दिसे.

"किती भरला?"

"दोन किलो कमी. महिन्याभरात."

काकूंनी रांगेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"मग पावडर कुणावर टाकतेस, ते नीट बघून टाक."

मी डबी पिशवीत ठेवली.

बुधवारी गेले तर काकू गुडघे टेकून बसलेल्या, हातात काकवीचा डबा आणि चमचा. साखर कपाटात बंद. चिरेतून बाहेर, भिंतीवरून खाली, पार बागेतल्या रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यापर्यंत काकवीचे थेंब. मांजरीच्या शेपटीलाही थोडी काकवी. कुंपणावर रॉबिन पक्षी मान वाकडी करून ही मेजवानी बघत होता. "तुझा आज उपास," असं काकूंनी त्याला आधीच बजावलेलं.

"थेंब फार लांब पडतायत गं," काका पलंगावरून म्हणाले. "एवढ्याशा पायांना मैलभर होईल ते."

"गप पड रे. जन्मभर पाणी वर चढवलंस, आणि आता मुंग्या खाली कशा उतरवायच्या ते मला शिकवतोयस!"

पण पुढचे थेंब जवळजवळ पडले.

दुपार कलली. खिडकीतून येणारं ऊनही काकवीच्या रंगाचं झालं. रांग कुणाचीच घाई नसल्यासारखी वळली आणि निघाली. काकांचे डोळे मिटत होते.

"कुठवर गेली?"

"भिंतीच्या पायथ्याशी."

"आता?"

"रुबार्बपाशी."

"सगळी?"

"सगळी रे. झोप तू."

गुरुवारी मोठ्या बाईंनी फळीवरून बोट फिरवलं. बोट चिकट झालं, पण मुंगी काही मिळाली नाही. त्यांनी सही केली. काका घरीच राहिले.

सप्टेंबरातल्या एका सकाळी, काकू चहा गाळत असताना ते गेले. आपल्या स्वयंपाकघरात, पायांवर मांजर घेऊन.

आठवड्यानं पलंग परत न्यायला दवाखान्याची गाडी आली. मी चादर ओढणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांब."

उशीच्या खळग्यात एक मुंगी होती. एकटीच.

काकूंनी बोट पुढे केलं. तिनं जरा विचार केला आणि चढली. वाऱ्यात दिवा न्यावा तसा दुसऱ्या हाताचा आडोसा धरून काकू बागेकडे निघाल्या. पलंग न्यायला आलेले दोघे काही न समजता बाजूला झाले.

बुटक्या दाराशी त्यांचं पाऊल थांबलं.

"डोकं सांभाळ," त्या हळूच म्हणाल्या, आणि बाहेर गेल्या.