साडेपाचची सोबत

"अंगठा जरा वर करा. हां. दिसतंय का आता?"

बायको जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि तिने नवऱ्याच्या उजव्या तळव्याखाली आरसा धरला होता. तो खुर्चीवर बसून, मान वाकडी करून आरशात बघत होता. आधी टाच, मग तळव्याचा खोलगा, मग एकेका बोटाची बेचकी. कुठे चीर पडलीय का, कुठे लाल झालंय का, काही टोचूनही आपल्याला कळलं नाही असं तर झालं नाही? काहीही नव्हतं.

"ठीक आहे. आता डावा."

"डाव्याला काय धाड भरलीय? कालच तर बघितला."

"कालचं काल झालं. रोज म्हणजे रोज."

पाच आठवडे हे रोज संध्याकाळी सात वाजता चाललं होतं. त्याच्या वडिलांचा पाय अशाच एका न कळलेल्या खिळ्याने गेला होता. आधी अंगठा कापला, मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणूसच गेला. साखरेचा आजार होता आणि वडिलांनी खाणं, झोपणं, औषध, सगळं वाऱ्यावर सोडलं होतं. हा तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्याने शपथबिपथ काही घेतली नाही. एका पहाटे साडेपाचला उठला आणि चालायला गेला, एवढंच. त्याला आता तीस वर्षं झाली.

फाउंड्रीत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. 'साडेपाच' हेच त्याचं नाव. साडेपाचला चालणं, सातला न्याहारी, साडेबाराला डबा, दहाला दिवा बंद. चहा बिनसाखरेचा. लग्न असो की बारसं, साडेनऊ वाजले की हा गडी चपला शोधायला लागायचा. लोक चेष्टा करायचे, पण चेष्टा करता करता दोघे त्याचं बघून चालायला लागले होते, आणि एकाने तर तंबाखू सोडली होती. साडेपाच त्यावर कधी काही बोलला नाही, पण मनातून त्याला फार बरं वाटायचं.

काम त्याचं क्रेनवर. छताखालच्या रुळांवरून धावणारी मोठी क्रेन. पासष्ट पायऱ्यांची उभी शिडी चढून केबिनमध्ये बसायचं आणि वितळलेल्या लोखंडाची बादली खालच्या सोळा माणसांच्या मधून अलगद न्यायची. वर बसलेल्याच्या डोळ्यांपुढे एक क्षणभर अंधारी आली, तरी खाली काय होईल ते सांगायला नको. म्हणून क्रेनवाल्यांची दरवर्षी तपासणी व्हायची, आणि साखर निघाली की माणूस शिडीवरून खाली.

यंदा साखर निघाली ती साडेपाचला.

तपासणीची चिठ्ठी वाचून त्याला आधी हसू आलं आणि मग बाकावर बसून त्याने ती परत वाचली. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले, गोळ्यांची घाई नको, पथ्य करा, तीन महिन्यांनी परत बघू, तोवर क्रेन बंद. त्याला स्टोअरच्या खिडकीत बसवलं, हातमोजे आणि चष्मे वाटायला. खिडकीशी येणारा प्रत्येक जण जाता जाता एक टोला हाणायचा.

"काय साडेपाच, तीस वर्षं पाय झिजवून शेवटी मिळवलंस काय? आम्ही लोळत पडलो, बघ कसे ठणठणीत आहोत."

तो कसनुसा हसायचा. चालायला लागलेल्या त्या दोघांनी चालणं सोडलं. तंबाखू सोडलेल्याने खिडकीसमोरच पुडी फोडली आणि म्हणाला, "तुझं असं झालं, तर आमचं काय घेऊन बसलास." ते त्याला सगळ्यात लागलं. आपण या लोकांना इतकी वर्षं फसवलं, असं त्याला वाटायला लागलं.

पण खोटं कशाला बोला, या पाच आठवड्यांत त्याला एक सुखही मिळालं होतं. बावीस वर्षांच्या संसारात बायको कधी त्याच्याबरोबर चालायला आली नव्हती. साडेपाच वाजले की ती पांघरूण डोक्यावर ओढायची आणि म्हणायची, "तुमचं घड्याळ तुमच्यापाशी ठेवा." चिठ्ठी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र ती बूट घालून दारात उभी. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं, वळसा घालायचा, परत यायचं. वाटेत ती त्याचा कोपर धरायची आणि बोलायची. तिच्या लहानपणीचं, शाळेचं, मुलगी झाली तेव्हाचं, त्याने कधी विचारलंच नव्हतं असं किती काय. एकदा टाकीच्या कठड्यावर बसून दोघं इतकी हसली, की त्याला न्याहारीला वीस मिनिटं उशीर झाला आणि त्याचं काही वाटलंही नाही. साखर झाली ती झाली, पण बायको तरी मिळाली, असं त्याच्या मनात यायचं आणि त्याची त्यालाच लाज वाटायची.

त्या संध्याकाळी डावा पाय बघून होतोय तोच मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. त्याला फाउंड्रीत साडेपाचनेच चिकटवलं होतं, क्रेन शिकवून बदली क्रेनवाला केलं होतं, आणि आता त्याच्या जागी केबिनमध्ये तोच बसत होता.

"दाजी, हे मलम आणलंय. टाचांना लावा, भेगा पडत नाहीत."

"अरे, कशाला एवढं?"

"असू द्या."

तो दाराजवळच्या स्टुलावर टेकला, दोन ग्लास पाणी प्यायला, तिसरा मागितला आणि आरशाकडे बघणं टाळत बसून राहिला. जेवून जा म्हटलं तर नको म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरून येताना तळमजल्यावर राहणारी सिस्टर जिन्याच्या तोंडाशी भेटली. दवाखान्यातली रात्रपाळी संपवून ती परतत होती. बायको पुढे वर गेली.

"काका, गोळी कुठली चालू आहे तुमची?"

"गोळी नाही. पथ्य."

"आणि रक्तात किती निघाली?"

"रक्त कुठे घेतलं? लघवीच्या बाटलीतच सापडली."

सिस्टरने पिशवी खाली ठेवली. "रक्त न बघता त्यांनी तुम्हाला खाली उतरवलं? आणि तुम्ही उतरलात?"

"तीन महिन्यांनी बघू म्हणालेत ना."

"कमाल आहे तुमची काका. नियम म्हटलं की डोळे मिटून मान डोलवायची. उद्या उपाशीपोटी दवाखान्यात या. मी घेते रक्त."

तो गेला. शुक्रवारी संध्याकाळी तिने आपल्या दारात रिपोर्ट त्याच्या हातात दिला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं.

"हा आकडा मागच्या तीन महिन्यांचा हिशोब सांगतो. तुम्हाला साखर असती, तर पाच आठवड्यांच्या पथ्याने तो इतका खाली आलाच नसता. तुम्हाला काही नाही, काका. नव्हतंच. ती बाटली तुमची नव्हती."

शेवटचं वाक्य त्याने धड ऐकलंच नाही. वडिलांचा पाय, खिडकीतले हातमोजे, ते टोले, सगळं एकदम खांद्यावरून उतरलं होतं. तीन मजले तो न थांबता चढला. ही बातमी आधी कोणाला सांगायची यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

"ऐकलंस का, मला साखर नाही. कधी नव्हतीच. हे बघ."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला. तिने कागद घेतला नाही.

"आणखी कोणाला दाखवलात का?" तिने विचारलं.

तो हात पुढे केलेला तसाच उभा राहिला. नाही कशी म्हणून तिने विचारलं नाही, खरंच का म्हणून विचारलं नाही. आणि आता कुठे सिस्टरचं ते वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं. तपासणीचा दिवस त्याला आठवला. हातात बाटल्या घेऊन सगळे रांगेत उभे होते, तेवढ्यात भोंगा झाला. मागे मेहुणा होता. 'दाजी, तुम्हाला उशीर होईल. चढा तुम्ही वर, दोन्ही मी देतो.' तीस वर्षांत एकदाही उशीर न झालेला माणूस बाटली त्याच्या हातात देऊन शिडीकडे धावला होता.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

तिने हातातली घडी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुमची चिठ्ठी आली त्याच संध्याकाळी. तुम्ही अंघोळीला गेला होतात. तो आला आणि रडायलाच लागला. आठ महिन्यांपासून आहे त्याला, चोरून गोळ्या घेतो. नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या त्याने बाटल्यांवरच्या."

"आणि तू गप्प राहिलीस."

"त्याला एकदा खाली उतरवलं की परत कोण वर चढवणार होतं? दोन लहान लेकरं आहेत त्याची. तुमचं काय, तीन महिन्यांनी परत बघणार, काही निघणार नाही, परत वर. तुम्ही इतकं नीट राहता, म्हणून तर..."

"म्हणून तर काय?"

"म्हणून तर तुमचं निभावलं असतं," ती म्हणाली.

म्हणजे तीस वर्षं जपून ठेवलेली तब्येत या बहीणभावांनी आपसांत वाटून घेतली होती, आणि ज्याची होती त्याला कोणी विचारलंही नव्हतं. तो खुर्चीवर बसला.

"रोज आरसा धरत होतीस," तो म्हणाला. "मी विचारायचो, काही दिसतंय का. तू वाकून बघायचीस."

"मग काय करणार होते? तुम्ही एकटे वाकडेतिकडे होऊन बघत बसायचात. मला बघवत नव्हतं."

"आणि चालायला येणं?"

ती परत कपड्यांच्या घड्या घालायला लागली. राग त्याला नंतर आला. आधी आली ती लाज. पाच आठवडे आपण किती खुशीत होतो, आणि ती ते शेजारी चालत बघत होती.

मेहुण्याला तिने फोन केला असावा. अर्ध्या तासात तो आला आणि दारातच उभा राहिला.

"दाजी, मला वाटलं तुमचं नाव बघून सगळे हसतील. साडेपाचला साखर कशी होईल, म्हणून लगेच परत तपासतील. तुम्हीही ऐकून घेणार नाही, भांडाल, असंच वाटलं होतं मला."

"मी मान्य केलं," तो म्हणाला. "मला वाटलं, बापाचं रक्त आहे, कधीतरी निघणारच होतं."

मेहुण्याने मान खाली घातली.

"उद्या भोंग्याच्या आधी मी डॉक्टरांकडे जाणार आहे. माझ्या आधी तू गेलास तर तू सांग. नाही गेलास तर मी सांगेन."

"अहो, सख्खा भाऊ आहे माझा," बायको म्हणाली. "त्याच्या लेकरांचा तरी विचार करा."

"खाली सोळा जण उभे असतात. त्यांनाही लेकरं आहेत."

मेहुणा गेला. जेवण झालं. दहा वाजता त्याने दिवा बंद केला आणि दोघंही छताकडे बघत पडून राहिली.

सकाळी तो चेहरा धुऊन बाहेर आला, तर बायको बूट घालून दाराशी बसली होती. डोळे सुजले होते. नाड्या बांधून तयार होती. तो शेजारच्या स्टुलावर बसला आणि त्याने आपले बूट घातले, नेहमीपेक्षा सावकाश.

"चला," ती उठली.

"तू झोप."

"येते ना. मलाही आता सवय झालीय."

"आता कशाला?" तो म्हणाला. "मला काही झालेलं नाही."

त्याने दार ओढून घेतलं आणि जिना उतरला. रस्ता रिकामा होता. आपली पूर्वीची झपझप चाल धरायची म्हणून त्याने दोनदा पाऊल उचललं. पण पाय सावकाशच पडत होते, बाजूला कोणी असल्यासारखे.