दोघं मावतील एवढी जागा

आर्किटेक्टबाईंनी चौथा अहवाल संपवून टेबलावर पालथा घातला. रहिवाशांचं समाधान, त्याचे आलेख, तक्ते, सगळं होतं. पण लहान घराच्या बाथरूममध्ये आजाऱ्याला दुसऱ्या माणसानं आंघोळ घालायची तर किती जागा लागते, याचा कुठं मागमूस नव्हता. शेवटचं वाक्य मात्र चारही अहवालांत तेच : अधिक संशोधनाची गरज आहे.

त्यांनी अहवाल लिहिणाऱ्या प्राध्यापकांना फोन लावला.

"तो आमचा प्रांत नाही हो," प्राध्यापक म्हणाले. "आम्ही समाधान मोजतो, सेंटिमीटर नाही."

"मग सेंटिमीटर कोण मोजतं?"

"तुम्ही लोक मोजत असाल ना?"

फोन आपटावासा वाटला. त्यांनी तो हळूच खाली ठेवला. समोर बसलेला भागीदार हसत होता.

"कशाला डोकं फोडून घेतेस? आपला जुनाच प्लॅन उचल. बारा वर्षं झाली त्या इमारतीला, एक तक्रार नाही."

दोनशे नव्या घरांचे नकाशे शुक्रवारी द्यायचे होते. बाई उठल्या आणि त्या जुन्या इमारतीकडे निघाल्या. तिथल्या किल्ल्या वाटल्यापासून त्यांचं पाऊल तिकडं वळलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर एका मावशींनी दार उघडलं. घर बघायला आलेय म्हटल्यावर आत घेतलं. बाथरूमला दारच नव्हतं, नुसता पडदा.

"यांना अर्धांगवायू झाला, तेव्हा काढलं," मावशी म्हणाल्या. "दार आत उघडायचं. मग आम्ही दोघं उभं कुठं राहणार?"

"तक्रार नाही केलीत?"

"कुणाकडे? भिंतीकडे?" मावशी हसल्या. "ज्यानं या घराचा नकाशा काढलाय ना, त्याच्याकडे कधी कुणी आजारी पडलं नसणार."

बाईंनी पडदा सारून आत पाहिलं.

"मीच काढलाय."

मावशींनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. आतून काकांची हाक आली. आंघोळीच्या बादलीतलं पाणी निवत चाललं होतं.

"बरं झालं आलात," मावशी म्हणाल्या. "चपला काढा. आज यांना तुम्ही स्टुलावर बसवा, मी पडदा धरते."

बाईंनी बाह्या सरसावल्या. काकांच्या काखेत हात घालून त्या आत वळल्या, तोच त्यांचं कोपर नळावर खाडकन आपटलं.

"हिलाही रोज तिथंच लागतं," काका ओशाळून म्हणाले.