एका केबलवर दोन मास्टर

एमिलीने रुडॉल्फला बोलावलं आहे, हे ज्युलियसला कळलं तेही तिसऱ्याच माणसाकडून. उमेळ्याच्या नाक्यावर अँथनी भेटला आणि म्हणाला, "उद्या दुपारी वाचनालयात या. आपल्या जुन्या कॉम्प्युटरला रुडॉल्फ डीव्हीडी ड्राइव्ह बसवतोय. टीचरनीच सांगितलंय त्याला."

अँथनी गावच्या वाचनालयाचा सेक्रेटरी. टीचर म्हणजे एमिली, ज्युलियसची बायको. तिने अर्ध्या गावाला गणित शिकवलेलं, त्यामुळे निवृत्तीनंतरही ती टीचरच राहिली होती. आणि तो जुना कॉम्प्युटर अठरा वर्षांपूर्वी ज्युलियसनेच आपल्या हातांनी जोडून वाचनालयाला दिला होता. वसई रोडला तेव्हा त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. गावात कुणाचंही मशीन बंद पडलं की "ज्युलियसला बोलवा" असं लोक म्हणायचे. आता तेच लोक "रुडॉल्फला सांगा" म्हणत. मस्कतहून परत आल्यापासून दोन वर्षांत रुडॉल्फने चर्चचे स्पीकर दुरुस्त केले होते, शाळेत कॅमेरे लावले होते. लोक त्याचं नाव घेत आणि ज्युलियस तिथून काढता पाय घेई. पण आजवर ते नाव घेणारे बाहेरचे होते.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "मला सांगितलं नाहीस?"

"तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झालाय," एमिली भाजी चिरता चिरता म्हणाली. "त्या बारीक स्क्रूंमध्ये डोळे कशाला शिणवायचे? रुडॉल्फ करेल. हुशार आहे तो, आधीपासूनच."

आधीपासूनच! रुडॉल्फ तिचा विद्यार्थी होता, हे ज्युलियसला ठाऊक होतं. पण हुशारीची ही आठवण तिने इतकी वर्षं जपून ठेवली असेल, हे नव्हतं ठाऊक.

काम एमिलीच्या जिव्हाळ्याचं होतं. अठरा वर्षांपूर्वी तिने घरोघर फिरून म्हाताऱ्या बायकांची लग्नातली गाणी रेकॉर्ड केली होती. त्या बावीस डिस्क वाचनालयात पडून होत्या. कुठल्या डिस्कवर कुणाचं गाणं, याची यादी त्या कॉम्प्युटरमध्ये होती. पण त्याचा ड्राइव्ह बिघडल्यामुळे ज्युलियसने तो कधीच काढून टाकला होता. रविवारी गावचा स्नेहमेळावा होता. त्यात ती गाणी ऐकवायची, असं एमिलीने ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ज्युलियस गेला तेव्हा रुडॉल्फ कॅबिनेट उघडून बसला होता. स्वतःच्या बंद पडलेल्या जुन्या मशीनमधला ड्राइव्ह त्याने आणला होता. त्याने तो खाचेत सरकवला, स्क्रू लावले, हार्ड डिस्कला गेलेल्या रुंद पट्टीसारख्या केबलचं मधलं मोकळं टोक ड्राइव्हच्या पाठीत खोचलं, वीज जोडली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीनवर दोन ओळी आल्या आणि मशीन तिथेच थिजलं.

ज्युलियसला कारण तिथल्या तिथे कळलं. अशा केबलवर दोन यंत्रं असली की एकाला मास्टर करायचं, दुसऱ्याला स्लेव्ह. ड्राइव्हच्या पाठीवर नखाएवढं प्लास्टिकचं टोपण असतं, जंपर, ते कुठल्या पिनांवर बसवलंय त्यावर हे ठरतं. हार्ड डिस्क मास्टर होती. रुडॉल्फचा ड्राइव्ह त्याच्या जुन्या मशीनमध्ये एकटाच राहिलेला, म्हणजे तोही मास्टरच असणार. दोन मास्टर एका केबलवर नांदत नाहीत.

शब्द ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात एमिली रुडॉल्फला म्हणाली, "घाम पूस रे आधी. पाणी देऊ?" आणि ज्युलियसने तोंड मिटलं.

रुडॉल्फने ड्राइव्ह काढला, मशीन सुरू झालं. परत लावला, परत थिजलं. त्याने केबल बदलली, मेमरीच्या पट्ट्या काढून पुसल्या, घरी जाऊन दुसरा तसाच ड्राइव्ह घेऊन आला. चार तास गेले. शेवटी त्याने मान वर केली. "अंकल, तुम्हाला काय वाटतं?"

"मला आता दिसत नाही नीट," ज्युलियस म्हणाला.

"मग बोर्डच जुना झालाय. हे मशीन ड्राइव्ह घेणार नाही."

घरी जाताना ज्युलियस मनात खूश होता. आता कळेल हिला, हुशार कोण ते. पण एमिली निम्म्या वाटेत थांबून म्हणाली, "बिचारा रुडॉल्फ. चार तास राबला हो. जेवलासुद्धा नाही." हरलेल्या रुडॉल्फलाही तिने जवळ केलं होतं. ज्युलियसला त्या रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी अँथनीचा फोन आला. "मेळाव्यात नवीन कॉम्प्युटर देणगी म्हणून मिळतोय. जुना आज भंगारात देतो. यादी रुडॉल्फ काढून घेईल. डिस्क विरारच्या स्टुडिओत देऊ, तिथला माणूस म्हणतो तीन आठवडे लागतील."

ज्युलियसने फोन ठेवला. त्या मशीनचा एकेक स्क्रू त्याने आवळला होता. त्याने कपाटातून चिमटा घेतला आणि तो निघाला.

वाचनालयात रुडॉल्फ एकटाच होता. ज्युलियस खाली बसला. ड्राइव्ह उलटा करून त्याने पाठीवरच्या पिना बोटाने चाचपल्या. डोळ्यांपुढे धुरकट दिसत होतं, पण बोटांना सगळं आठवत होतं. जंपर चिमट्याने उपसून त्याने मधल्या, स्लेव्हच्या पिनांच्या जोडीवर बसवला. केबल लावली. मशीन सुरू होताच डिलीटची कळ दाबून तो बायोसच्या, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या, निळ्या स्क्रीनवर गेला.

"इथं काय लिहिलंय, वाच."

"प्रायमरी स्लेव्ह, नन. म्हणजे काहीच नाही."

"जुना ड्राइव्ह काढला तेव्हा मीच बंद केलं होतं ते. ऑटो कर, म्हणजे मशीन स्वतःच ड्राइव्ह शोधेल."

रुडॉल्फने केलं. मशीन पुन्हा सुरू झालं. स्क्रीनवर हार्ड डिस्कचं नाव आलं, त्याखाली ड्राइव्हचं. बटण दाबताच ट्रे सर्रकन बाहेर आला.

रुडॉल्फने ट्रे बोटाने आत ढकलला. मग हळूच म्हणाला, "अंकल, काल माहीत होतं ना तुम्हाला?"

"हो."

रुडॉल्फने कॅबिनेटचं झाकण लावायला घेतलं. एमिली आली तेव्हा तो उठून म्हणाला, "टीचर, झालं! अंकलनी केलं." कालच्या गप्प बसण्याबद्दल त्याने अवाक्षरही काढलं नाही. त्याचा तो चांगुलपणा ज्युलियसला शिवीपेक्षा जास्त लागला.

पण एमिलीने आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या होत्या. "किती वेळ लागला?" तिने विचारलं.

"दहा मिनिटं," ज्युलियस म्हणाला.

"मग काल?"

"काल बोललो नाही. तू त्याला बोलावलंस, मला नाही. माझ्या डोळ्यांचं मला विचारलंसुद्धा नाहीस."

एमिलीचा चेहरा लाल झाला. "म्हणून त्या पोराला चार तास तुमच्यासमोर राबू दिलंत? आणि माझी गाणी? त्यातल्या नऊ बायका आता नाहीत, ज्युलियस." ती त्याला नावाने क्वचितच हाक मारायची.

ज्युलियस रुडॉल्फकडे वळला. "चुकलो मी," तो म्हणाला. कुणासमोरही असं म्हणण्याची त्याला सवय नव्हती. शब्द खरखरत निघाले.

"जंपरचं शिकवा मला," रुडॉल्फ म्हणाला. "मी लेबलं वाचतो, तुम्ही कॉपी करा."

तीन दिवस दोघं बसले. तीन डिस्क खरवडल्या गेल्या होत्या. त्यातल्या दोन ज्युलियसने हळू वेगावर वाचायला लावून वाचवल्या, एक मात्र गेलीच. दुसऱ्या दिवशी एमिली बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, "विचारायला हवं होतं मी." पण ती एवढंच बोलली, आणि चहा तिने आधी रुडॉल्फलाच दिला. ज्युलियसच्या ते लक्षात आलं. लक्षात येणं काही थांबत नव्हतं.

रविवारी मेळाव्यात म्हाताऱ्यांचे आवाज मांडवभर पसरले. पुढच्या रांगेतल्या दोन आज्या त्यांच्याबरोबर गाऊ लागल्या. मग एमिलीने माइक घेतला. "हे रुडॉल्फमुळे झालं," ती म्हणाली, "आणि माझ्या नवऱ्यामुळे."

आधी रुडॉल्फ. हेही ज्युलियसच्या लक्षात आलंच. शेजारी रुडॉल्फ अवघडून उभा होता, हातांचं काय करावं ते न कळून. सगळ्यांच्या टाळ्या ओसरत आल्या, तेव्हा ज्युलियसने हात वर घेतले आणि त्याच्याकडे बघत टाळ्या वाजवायला सुरुवात केली.