उजव्या भुवईवरची आठी

त्यांना सगळे इस्त्रीमास्तर म्हणत, पण कपड्यांच्या इस्त्रीशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. त्यांचा होता फोटो स्टुडिओ, आणि इस्त्री चालायची ती माणसांच्या चेहऱ्यांवर. साठीची बाई स्टुलावर बसायची आणि फोटोच्या पाकिटातून चाळिशीची होऊन बाहेर पडायची. हे नाव ठेवलं होतं बायकोनं. "कुठं सुरकुती दिसली की यांचे हात शिवशिवतात," असं ती आल्यागेल्याला सांगायची. लोक हसायचे आणि आपापल्या सुरकुत्या घेऊन रांगेत उभे राहायचे. तरुण दिसण्याचं वेड काही आजचं नाही. आता फक्त त्याची लाज उरलेली नाही.

धंद्यात मास्तरांचा एक नियम होता. चेहरा साफ झाला की मूळ फोटो पुसून टाकायचा. गिऱ्हाइकाला खरं तोंड शेजारी ठेवून दाखवलं तर भांडणाशिवाय दुसरं काय होणार? हाच नियम त्यांनी घरीही लावला. बायकोचा प्रत्येक फोटो मायेनं साफ केला आणि मूळ उडवून टाकला.

"अहो, एक तरी जसा आहे तसा ठेवा," ती म्हणायची. "उद्या मी हरवले तर शोधाल कशी?"

"मला तू अशीच दिसतेस," मास्तर म्हणायचे. खरंच दिसायची. चूक झाली ती तिथंच.

मग थोड्याशा आजाराचं निमित्त झालं आणि ती गेली. भिंतीवर लावायला मास्तरांनी तिचा एक फोटो मोठा केला. तिची थोरली बहीण भेटायला आली, चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊजी, ही पोरगी कोण?"

मास्तरांनी कपाटं उपसली, कॉम्प्युटर धुंडाळला. कपडे बदलत गेले होते, घरं बदलली होती, चेहरा मात्र सगळीकडे तोच, गुळगुळीत. जिच्यासोबत ते म्हातारे झाले, ती बाई एकाही फोटोत नव्हती.

तेव्हा त्यांनी उलटं काम सुरू केलं. त्या गुळगुळीत चेहऱ्यावर एकेक सुरकुती रेखाटायला बसले. जमेना. शाळेच्या नाटकात पोरीनं सासूचं काम करावं तशी ती दिसू लागली. मास्तरांचा हातखंडा होता पुसण्यात, आणि पुसायच्या गोष्टीकडे नीट बघतं कोण? एवढं पक्कं आठवत होतं, की भुवईच्या वर एक तिरकी आठी होती. काही विचारून उत्तराची वाट बघायची, तेव्हा ती उमटायची. पण डाव्या भुवईवर की उजव्या? उभा जन्म समोरासमोर बसून जेवले आणि एवढं सांगता येईना. मास्तर टेबलावर डोकं टेकून रडले.

अशातच मुलगी आली. वय सेहेचाळीस. तिच्या ऑफिसनं जुन्या माणसांना गोड बोलून घरी पाठवलं होतं. आता नव्या अर्जावर फोटो हवा होता.

"दहा वर्षं कमी करा, बाबा."

"अगं, पण ते तुझं काम बघतील ना?"

"काम नंतर. आधी तोंड बघतात. तिथल्या साहेबाला अजून धड दाढी फुटलेली नाही. माझ्या वयाची बाई म्हणजे त्याला आधीच्या भाडेकरूनं सोडून दिलेलं कपाट वाटतं."

मास्तर कॅमेऱ्याशी चाचपडत राहिले. "करा ना लवकर!" ती करवादली, आणि नेमकं तेव्हाच बटण दाबलं गेलं.

पडद्यावर चेहरा मोठा केला आणि मास्तरांचा हात थांबला. उजव्या भुवईच्या वर. तिरकी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"आईची," मुलगी हळूच म्हणाली. "ओरडायच्या आधी तिच्या इथंच आठी पडायची. ती दिसली की मी पळायचे."

"ठेवू?"

तिनं अर्जावरची फोटोची रिकामी चौकट बघितली. मग म्हणाली, "पुसा, बाबा. नोकरी हवीय मला."

त्यांनी पुसली. पण मूळ फोटो आयुष्यात पहिल्यांदाच वेगळा जपून ठेवला. मुलगी गेल्यावर त्यातली आठी अलगद उचलून बायकोच्या कपाळावर बसवली. डोळ्यांखालच्या रेषाही लेकीकडूनच उसन्या घेतल्या. आणि ती आली! जराशी वैतागलेली, उत्तराची वाट बघणारी. थोरल्या बहिणीनं तिला दारातूनच ओळखलं आणि तिथूनच हाक मारली.

त्या दिवसापासून मास्तरांनी मिशीला कलप लावणं सोडलं. तिच्यासमोर बसायचं तर आपणही आपल्या वयात यावं, असं त्यांना वाटलं.

काही आठवड्यांनी मुलगी नोकरी लागल्याचं सांगायला आली. "बाबा, हे काय? एकदम म्हातारे?"

"एकदम नाही गं. हळूहळूच झालो. तुला दाखवलं आत्ता."

ती हसली. ओठ हसले, डोळे हसले, पण त्यांच्या वर काहीच हललं नाही. मास्तर जवळ गेले. "कपाळाला काय केलंस?"

"इंजेक्शनं घेतली. साहेब फोटोकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. म्हणून दुसऱ्या मुलाखतीला फोटोसारखी होऊन गेले."

मास्तरांना उमगलं, जे आपण कागदावर केलं, ते पोरीला स्वतःच्या कातडीवर करून घ्यावं लागलं.

तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. ती जवळ गेली, आईच्या आठीवर बोट ठेवलं, मग तेच बोट आपल्या कपाळावरून फिरवलं.

"ही माझी आहे ना, बाबा?"

"तुझीच. तुला तिनं दिलेली."

"औषध उतरलं की परत येते म्हणतात. पण त्याआधी पुढचं घ्यायचं असतं."

"नाही घेतलंस तर?"

मास्तर उत्तराची वाट बघत राहिले. भिंतीवरून तीही बघत होती. मुलीला रडू फुटलं. गाल भिजले, ओठ थरथरले, हुंदका आवरेना, पण कपाळावर एकही आठी उमटली नाही.