कपाटातला खटखट्या

मित्रांनो, मी जुना आहे, लाकडाचा आहे आणि मला एका जागी स्वस्थ पडवत नाही! पण नशीब बघा, वर्षातले दोन-अडीच दिवस सोडले तर मी सदा कपाटात. बाहेर शाळेची पितळी घंटा तासातासाला मिरवते आणि मी आत तळमळतो.

माझा जन्म १९४९ चा. मार्गासनीच्या पुढे टेकडावर फादर इनास यांनी मुलांची शाळा काढली, त्याला तेव्हा एक वर्ष झालं होतं. ख्रिस्ती मुलं चारच. बाकी सगळी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची, कुणाच्या घरी भाताची खाचरं, कुणाच्या घरी शेरडं. येशूच्या मरणाच्या दिवसांत, गुरुवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत, देवळातली घंटा दुःखाने गप्प राहते, तेव्हा लाकूड वाजवतात, अशी फादरांच्या वसईकडची रीत. त्यांनी विंझरच्या चिमाजी सुताराला कागदावर माझं चित्र काढून दिलं. मध्ये मुठीची फळी, तिच्या दोन बाजूंना चामड्याच्या वादीने बांधलेल्या दोन सुट्या फळ्या. हलवलं की खट्-खट्-खट्!

"आवं फादर, ह्ये तर ज्वारीवरची पाखरं हाकायचं!" चिमाजी हसला.

"आम्ही झोपलेली मुलं हाकू," फादर म्हणाले.

मला वाजवायचा मान कुणाला? पहिल्या नंबराला नाही, मित्रांनो! फादरांचा नियमच निराळा. वर्षभरात ज्याने आपली चूक कुणी पकडायच्या आधी, आपण होऊन सांगितली, त्याला मान. पकडला गेला तो मात्र वसतिगृहातून थेट घरी.

झालं काय, दुसऱ्या वर्षापासून पोरं न केलेल्या चुका सांगू लागली! एक काच फुटली की चार जण हजर. "म्याच फोडली!" "न्हाई फादर, ह्यो खोटं बोलतोय, म्या फोडली!" फादर कपाळावर हात मारत. मला आतून हसू फुटायचं.

मग आलं १९५४. हैबती नावाचा धनगराचा मुलगा सातवीत होता. पाच कोस डोंगर उतरून शिकायला आलेला. त्याच्या घराण्यात तोवर कुणी अक्षर ओळखलं नव्हतं. शिमग्याच्या सुट्टीत त्याने मला गुपचूप पिशवीत घातलं. चोरी नव्हती हो त्याच्या मनात! धाकटी बहीण फुला हिला मजा दाखवायची, एवढंच.

आणि मी? मी तर हरखलोच! उघडं रान, वारा, शेरडांचे आवाज!

दिवस मावळायला वाड्यावर गलका झाला. "वाघरू! वाघरू आलं!" त्यांची आई सोजराबाई ओरडली. बिबट्या जाळीच्या कुंपणातल्या करडाजवळ दबून बसला होता. फुलाने मला उचललं आणि अशी काही बडवत धावली की विचारू नका. खट्-खट्-खट्-खट्! शेवटी तिने मला कुंपणाच्या खांबावरच हाणलं. वाघरू पळालं. करडू वाचलं. माझी डावी फळी मात्र उभी चिरली.

हैबतीचं तोंड पांढरं पडलं. "आता मला घरी धाडत्यात," तो म्हणाला आणि मला तिथंच टाकून शाळेला गेला. जवळजवळ महिनाभर मी दावणीजवळ पडून होतो. गुरुवार जवळ येत होता. माझा गुरुवार! जीव नुसता वरखाली होत होता.

फुलाला माझा दिवस हैबतीने सांगितलेला; त्या गुरुवारी पहाटेच ती उठली. मला पदराखाली घेऊन डोंगर उतरली आणि शाळेच्या ओट्यावर पोचली. आत सभा भरलेली. फादर विचारत होते, "खटखट्या कुणी नेला?"

पाच जण उभे! पाचही मानासाठी खोटे. हैबती खाली बघत बसलेला.

"ह्ये समदं लबाड हायती!" फुला दारातूनच ओरडली. "ह्ये घ्या. मोडलं म्या. वाघरू हाकलताना."

"आणि तुझ्याकडे आलं कसं?"

फुलाने माझी मूठ आवळली. नाव घेतलं तर भाऊ पकडला जाणार, शाळा सुटणार. खोटं बोलावं तर आत्ताच पाच जणांना लबाड म्हणून बसलेली. तिच्या हाताचा घाम माझ्या मुठीत उतरत होता. तिने भावाकडे एकदासुद्धा पाहिलं नाही.

"फादर," मागून आवाज आला. हैबती उभा होता. "म्या नेलं. न इचारता."

फादरांनी फुलाच्या हातातून मला घेतलं. मग म्हणाले, "हिनं नाव घेतलं नव्हतं. म्हणजे तू पकडला गेला नाहीस. शाळेत राहशील. पण फार उशीर केलास हैबती, मान तुझा नाही." त्यांनी मला फुलापुढे धरलं. "मान हिचा."

"पोरगी?" पाचांतला एक कुरकुरला. "शाळा तर पोरांची हाय!"

"शाळा पोरांची आहे. नियम पोरांचा आहे, असं मी कधी म्हटलं?"

त्या संध्याकाळी फुलाने मला ओसरीभर वाजवलं. चिरलेल्या फळीने माझा आवाज फाटका झाला होता, खट्-खर्र, खट्-खर्र. पण मित्रांनो, तसा मी त्याआधी कधीच घुमलो नव्हतो!

चिमाजी नवी फळी बसवायला आला तेव्हा "ही चीर तिची खूण आहे, राहू दे," म्हणत फादरांनी त्याला परत पाठवलं. हैबती शिकला आणि आज आंबवड्याच्या शाळेत मास्तर आहे. फुला मात्र त्या दिवशी दारातून आत आली ती तेवढीच. दुसऱ्या दिवशी ती डोंगर चढून शेरडांमागे गेली. तिला वर्गात बसवायचा नियम कुणी केला नाही, फादरांनीसुद्धा नाही. त्याचीच तळमळ मला कपाटात झोपू देत नाही.

आता १९६० उजाडलं. मला तेल लावतात, फडक्यात गुंडाळतात, जपतात. मित्रांनो, असं जपू नका हो! मला बाहेर काढा, वाजवा, आणखी चिरलो तरी चालेल. आणि फादरांचा नियम आता त्यांनाच ऐकवा. म्हणा, "फादर, शाळेचं दार फुलाला बंद ठेवलं, ही चूक कुणी पकडायच्या आधी आपण होऊन सांगा."

जो सांगेल त्याच्या हातात मी यायला तयार आहे.