माझ्या पात्यांवरची हिरवी धूळ

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे. तीन पाती, गंजलेली जाळी आणि मान वळवताना होणारी कुरकुर, एवढीच माझी ओळख. माझी हकीकत सांगताना मान खाली घालावीशी वाटते, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कारखान्यातून निघालो तो एका शिंप्याकडे गेलो. त्याच्या मशीनशेजारी बरीच वर्षं वारा घातला. त्याने दुकान बंद केलं, तेव्हा शेजारच्या घरातल्या सुनेने मला नेलं. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत ती आणि तिचे सासरे मश्रूम पिकवत. सासरे पिंपात पेंढा उकळायचे. सून तो निवल्यावर बियाणं मिसळून पिशव्यांत भरायची आणि पिशव्या दोरीला टांगायची. कोंदट हवा हलती ठेवणं हे माझं काम.

"हा आल्यापासून पीक सुधारलं," सून एकदा म्हणाली. मी फुशारून गेलो.

त्याच सुमारास सुनेच्या छोट्या मुलीने सासऱ्यांना विचारलं, "आजोबा, मश्रूमला फुलं कधी येणार?"

"येतच नाहीत, बाळा." आजोबांनी मश्रूमची एक छत्री काळ्या कागदावर ठेवली. दुसऱ्या दिवशी उचलली, तर कागदावर पांढऱ्या रेघा उमटलेल्या. "हे बीजाणू. धुळीपेक्षा हलके. वाऱ्यावर उडतात आणि ओल नि खाणं मिळेल तिथे रुजून धागे पसरतात. टाकीमागच्या नेच्याच्या पानाखाली तपकिरी ठिपके आहेत ना, त्यांतही बीजाणूच असतात. बुरशीचंही तसंच."

वाऱ्याचं नाव निघालं आणि मला वाटलं, आपलंच कौतुक चाललंय.

पुढच्या हंगामात कोपऱ्यातल्या एका पिशवीवर बुरशीचा हिरवा डाग पडला. मी नेहमीप्रमाणे मान वळवली आणि डागावरून हिरवी भुकटी उठली. काही बीजाणू माझ्या पात्यांवर बसले, बाकीचे पिशव्यांवर. आठवड्याभरात सगळी खोली हिरवी झाली. एवढ्या मेहनतीचं पीक सुनेने खड्डा खणून पुरलं.

"बाबा, पेंढा नीट उकळला होता ना?"

"उकळला होता गं. घड्याळ लावून."

 पण पुढच्या खेपेला पिंपाजवळ ती स्वतः उभी राहिली. सासरे काय ते समजले. त्यांनी खोलीत पाऊल टाकणं सोडलं. जेवायलाही ते सगळ्यांच्या नंतर बसू लागले.

सुनेने भिंतींना चुना लावला, दोऱ्या बदलल्या. मला कोणी पुसलं नाही. बटण दाबलं गेलं आणि माझ्या पात्यांवरची धूळ नव्या पिशव्यांवर उडाली. दहाव्या दिवशी पुन्हा तोच हिरवा डाग. मला सगळं कळत होतं आणि मी नुसता घरघरत होतो.

डाग पाहून सून दारातच थबकली. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आत आली होती. त्या तिरिपेत माझ्यापासून निघालेली बारीक हिरवी धूळ तरंगत होती. तिने मला बंद केलं, पात्यावरून बोट फिरवलं आणि तशीच बाहेर गेली.

"बाबा, मी उगाच तुमच्यावर संशय घेतला. हे बघा बोट."

सासऱ्यांनी बोटावरची हिरवी भुकटी निरखून पाहिली. मग म्हणाले, "आण त्याला इकडे."

त्यांनी जाळी उघडली. साबणाच्या पाण्याने एकेक पातं धुतलं, पुसलं, उन्हात ठेवलं. सून खाली मान घालून म्हणाली, "उद्या पेंढा तुम्हीच उकळा." त्यांनी मान डोलावली. मग माझी जाळी बसवताना म्हणाले, "याचा काय दोष? या बिचाऱ्याला काय कळतंय."

मित्रांनो, त्या शब्दांनी मला जितकी लाज वाटली, तितकी कोणाच्या रागानेही वाटली नसती. वापरातल्या वस्तू वेळच्या वेळी पुसत जा. आणि कोणावर खोटा आळ येत असेल आणि खरं तुम्हाला ठाऊक असेल, तर बोला. मला तोंड नव्हतं, तुम्हाला आहे.